सार्वभौमत्व लंडनचे, जकातनाका बेलफास्टचा

गेल्या महिन्यात कार्यकर्त्यांच्या एका अभ्यासवर्गात आंतरराष्ट्रीय व्यापाराविषयी बोलण्याचा प्रसंग आला. व्याख्यान संपल्यावर एक तरुण साथी उठले आणि त्यांनी मोठ्या तळमळीने असे प्रतिपादन केले की, ब्रिटनने युरोपीय संघातून बाहेर पडून भांडवलदारांच्या सामायिक बाजारपेठेचे जोखड झुगारून दिले. त्याचे बाकी परिणाम काहीही होवोत, राष्ट्राच्या सार्वभौमत्वाचा तो विजयच होता आणि समाजवाद्यांनी त्याकडे कुरकुरत पाहू नये. टाळ्या पडल्या. वेळ संपत आली होती, संयोजक घड्याळाकडे पाहत होते. मला दोन वाक्यांत उत्तर द्यावे लागले आणि ते, माझ्या समजुतीप्रमाणे, कोणालाच पटले नाही. ते उत्तर येथे विस्ताराने देतो.

ब्रिटन ३१ जानेवारी २०२० रोजी युरोपीय संघातून औपचारिकरीत्या बाहेर पडले. संक्रमणाचा काळ ३१ डिसेंबर २०२० रोजी संपला. १ जानेवारी २०२१ पासून स्कॉटलंडमधल्या केर्नरायन बंदरातून उत्तर आयर्लंडमधल्या लार्न बंदरात, म्हणजे एकाच राजाच्या राज्यातल्या एका काठावरून दुसऱ्या काठावर, मालमोटार न्यायची तर जकातीचे विवरणपत्र भरावे लागू लागले. माल प्राणिज असेल तर पशुवैद्याचे प्रमाणपत्र, वनस्पतिज असेल तर कृमिकीटक नसल्याचा दाखला, आणि काही माल तर मुळीच न्यायचा नाही. देशाच्या सीमा परत ताब्यात घेण्याची घोषणा देऊन निघालेल्या राज्यकर्त्यांनी देशाच्या पोटातच एक नवी सीमा घातली. आमच्या साथींना जो विजय वाटतो त्याची सुरुवात ही अशी आहे.

हे का घडले, हे समजून घ्यायला फार मोठी विद्वत्ता लागत नाही. ज्यांनी या राज्यात जकातनाके पाहिले आहेत त्यांना ते एका वाक्यात कळेल. माझ्या लहानपणी आमच्या तालुक्याच्या गावी वेशीवर असा नाका होता. आडव्या बांबूपाशी मालमोटारींची रांग लागे, चालक खाली उतरून विडी ओढीत बसत, आणि गुळाच्या ढेपा मोजता मोजता दुपार होई. नाका तिथे का होता? वेशीच्या आत एक दर होता आणि बाहेर दुसरा. दोन दर जिथे भेटतात तिथे नाका उभा राहतो. मुंबईच्या वेशीवरचे नाके १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर आला तेव्हा उठले, ते कोणाच्या सदिच्छेने उठले नाहीत. दोन दरांचे कारणच नाहीसे झाले म्हणून उठले. जागतिक व्यापाराच्या मूळ करारातील, म्हणजे गॅटमधील, २४ वे कलमही हेच सांगते: ज्या प्रदेशाचे बाह्य व्यापाराविषयीचे दर किंवा नियम वेगळे, तो वेगळा जकात-प्रदेश. त्याला राष्ट्र म्हणा, प्रांत म्हणा, बेट म्हणा.

आता आयर्लंडच्या बेटाकडे पाहू. या बेटाची फाळणी १९२१ साली झाली, आणि दक्षिणेचे स्वतंत्र राज्य अस्तित्वात आल्यावर १ एप्रिल १९२३ पासून दोन्ही भागांमध्ये जकातीची सीमा सुरू झाली. ठरावीक 'मान्य' रस्त्यांनीच माल न्यायचा, बाकीचे रस्ते अमान्य. सीमारेषा शेतांमधून, गल्ल्यांमधून गेलेली. १९३२ ते १९३८ या काळात ब्रिटन आणि आयर्लंड यांच्यात जकातयुद्ध पेटले तेव्हा तिकडच्या गुरे पाळणाऱ्या शेतकऱ्याचे कंबरडे मोडले. पुढे उत्तरेत रक्तपात सुरू झाला आणि जकातीच्या चौक्या हे हल्ल्यांचे सोपे लक्ष्य ठरले. २२ ऑगस्ट १९७२ रोजी न्यूरी येथील जकात कार्यालयात बॉम्ब वेळेआधीच फुटला. बॉम्ब आणणारे तिघे आणि इतर सहा, अशी नऊ माणसे त्यात मेली. त्या सहांमध्ये कचेरीतले कर्मचारी होते आणि मालमोटारींचे चालक होते. सीमेवरच्या चौकीला लोक 'तांत्रिक बाब' म्हणतात तेव्हा मला हे चालक आठवतात.

दोन्ही देश १ जानेवारी १९७३ रोजी एकाच वेळी युरोपीय सामायिक बाजारपेठेत गेले. १९९३ साली एकल बाजारपेठ पूर्ण झाल्यावर जकातीच्या चौक्या निरर्थक ठरून उठल्या. १० एप्रिल १९९८ च्या बेलफास्ट कराराने राजकीय समेट झाला, लष्करी मनोरे उतरले, आणि सुमारे ५०० किलोमीटर लांबीची, दोनशेहून अधिक रस्त्यांनी ओलांडलेली ती सीमा माणसांच्या रोजच्या जगण्यातून जवळजवळ पुसली गेली. तीन दशकांत साडेतीन हजारांहून अधिक माणसे मारली गेल्यानंतर मिळालेली ही शांतता होती. तिच्या पायाखाली व्यापाराचे समान नियम होते, ही गोष्ट त्या वेळी कोणी फारशी बोलून दाखवली नाही. घराचा पाया कोण बोलून दाखवतो?

मग २३ जून २०१६ चे सार्वमत आले. सबंध ब्रिटनमध्ये ५१.९ टक्के मते बाहेर पडण्याच्या बाजूने पडली. उत्तर आयर्लंडमध्ये ५५.८ टक्के मते राहण्याच्या बाजूने होती. या सार्वमताच्या प्रचारात आयर्लंडच्या सीमेचा प्रश्न इंग्लंडमधल्या सामान्य मतदारापुढे कितीसा मांडला गेला? जवळजवळ नाहीच. आणि निकालानंतर पंतप्रधान श्रीमती थेरेसा मे यांनी तीन वचने एकदम दिली: आम्ही एकल बाजारपेठ आणि जकात-संघ दोन्ही सोडू, आयर्लंडच्या भूमीवर चौकी येऊ देणार नाही, आणि ब्रिटन व उत्तर आयर्लंड यांच्यामध्येही सीमा येऊ देणार नाही. यातली कोणतीही दोन वचने पाळता येतात. तिन्ही पाळता येत नाहीत. मी तीस-बत्तीस वर्षे पदव्युत्तर वर्गांना व्यापाराचे अर्थशास्त्र शिकवले. एखाद्या विद्यार्थ्याने उत्तरपत्रिकेत ही तीन विधाने एकाखाली एक लिहिली असती तर मी त्याला पुन्हा बसायला सांगितले असते.

श्रीमती मे यांना हे उशिरा का होईना उमगले होते, असे म्हणावे लागेल. नोव्हेंबर २०१८ च्या त्यांच्या करारात अशी तरतूद होती की, दुसरा मार्ग सापडेपर्यंत सबंध ब्रिटन युरोपशी एकाच जकात-प्रदेशात राहील. नियमांचे काही भेद उरले असते, पण जकातीपुरता तरी देश अखंड राहिला असता. हा करार लोकसभेने तीन वेळा फेटाळला. पहिल्या खेपेस, १५ जानेवारी २०१९ रोजी, ४३२ विरुद्ध २०२ मतांनी. आणि येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी: ज्या डेमोक्रॅटिक युनियनिस्ट पक्षाचे दहा सदस्य श्रीमती मे यांचे सरकार तोलून धरीत होते, जो पक्ष ब्रिटनशी अभंग नात्याची शपथ घेतो, त्याने तिन्ही वेळा या कराराविरुद्ध मत दिले. आपल्या प्रांताला समुद्रापलीकडे ढकलणारा पुढचा करार आपणच ओढवून घेत आहोत, हे त्या पुढाऱ्यांना दिसले नाही. लोकसभेत १ एप्रिल २०१९ रोजी आणखी एक संधी आली. देशाने कायम जकात-संघात राहावे, हा हुजूर पक्षाचे वयोवृद्ध सदस्य श्री. केनेथ क्लार्क यांचा ठराव २७३ विरुद्ध २७६ मतांनी पडला. तीन मते! जकातीच्या इतिहासात १ एप्रिल ही तारीख वारंवार येते, त्याचे काय करावे कळत नाही.

त्यानंतर श्री. बोरिस जॉन्सन आले. नोव्हेंबर २०१८ मध्ये याच गृहस्थांनी बेलफास्टला जाऊन त्या युनियनिस्ट पक्षाच्या अधिवेशनात सांगितले होते की, आयरिश समुद्रात जकातीची सीमा घालणारी व्यवस्था हुजूर पक्षाचे कोणतेही सरकार मान्य करू शकत नाही. टाळ्या तेथेही पडल्या होत्या. पुढच्याच वर्षी, १० ऑक्टोबर २०१९ रोजी, त्यांची आयर्लंडचे पंतप्रधान श्री. लिओ वराडकर यांच्याशी भेट झाली. हे वराडकर मूळचे आपल्या मालवण तालुक्यातील वराड गावच्या घराण्यातले, हे वाचकांना ठाऊक असेलच. आठवड्याभरात करार झाला, आणि तीच सीमा कागदावर आली. त्यातले चौथे कलम म्हणते की उत्तर आयर्लंड हा ब्रिटनच्या जकात-प्रदेशाचा भाग आहे. पाचवे कलम म्हणते की तेथे युरोपीय संघाची जकात-संहिता लागू राहील. चौथ्या कलमाने नाव दिले, पाचव्याने गाव घेतले. तरीही त्याच नोव्हेंबरात श्री. जॉन्सन उत्तर आयर्लंडच्या व्यापाऱ्यांना सांगत होते की, कोणी अर्ज भरायला सांगितले तर मला दूरध्वनी करा, मी तो कचऱ्याच्या टोपलीत टाकायला सांगेन.

टोपलीत काही गेले नाही. उलट अर्ज भरण्यास मदत करण्यासाठी सरकारला स्वतंत्र सेवा उभारावी लागली. ऑगस्ट २०२० मध्ये या कामी ३५.५ कोटी पौंडांची तरतूद जाहीर झाली. देशांतर्गत माल हलविण्यासाठी! युरोपशी २४ डिसेंबर २०२० रोजी जो व्यापार-करार झाला त्याचे 'शून्य जकात' म्हणून ढोल वाजवण्यात आले. परंतु शून्य जकात म्हणजे शून्य नाका असे होत नाही. माल खरोखर ब्रिटनचाच आहे, बाहेरचा नाही, हे उगमाच्या नियमांप्रमाणे सिद्ध केले तर जकात शून्य. सिद्ध करायचे म्हणजे कागद आला, आणि कागद आला की कारकून आला, दलाल आला, थांबलेली मालमोटार आली.

या थांबलेल्या मालमोटारीचे पैसे कोण देतो? मोठ्या साखळी-दुकानांकडे जकातीचे स्वतंत्र विभाग असतात. एका मोटारीत एकच माल भरून ते एकाच विवरणपत्रात काम भागवतात. छोट्या दुकानदाराच्या मोटारीत चाळीस प्रकारचा माल असतो, आणि प्रत्येकाचा सांकेतिक क्रमांक निराळा. इंग्लंडमधला छोटा रोपवाटिकावाला कुंडीतले रोप बेलफास्टच्या गिऱ्हाइकाला पाठवीत असे. मुळांना ब्रिटिश माती लागलेली आहे म्हणून ते अडले. स्कॉटलंडच्या बियाण्याच्या बटाट्यांवर बंदी आली, आणि पिढ्यान्‌पिढ्या तेच बियाणे लावणाऱ्या अल्स्टरच्या शेतकऱ्याला दुसरीकडे पाहावे लागले. कच्च्या सॉसेजवरून २०२१ साली दोन सरकारे इतकी भांडली की वृत्तपत्रांनी त्याला युद्धच म्हटले. अनेक लहान विक्रेत्यांनी सरळ ठरवले की उत्तर आयर्लंडला माल पाठवायचा नाही. स्थिर खर्च मालाच्या राशीवर वाटला जातो. रास मोठी तितका भार हलका. प्रत्येक नवी जकात-सीमा अशा रीतीने लहानाकडून मोठ्याकडे बाजार सरकवते, आणि सार्वभौमत्वाच्या भाषणांत हे कधीच येत नाही. आमच्या साथींना माझा मुख्य प्रश्न हाच आहे की, भांडवलाचे जोखड झुगारले म्हणता, तर त्या जोखडाखालून बाहेर कोण आले?

जेकब वायनर या अर्थशास्त्रज्ञाने १९५० साली जकात-संघांवर जो ग्रंथ लिहिला त्यात दोन परिणाम वेगळे केले होते: व्यापाराची निर्मिती आणि व्यापाराचे वळण. संघातून बाहेर पडताना हे वळण उलट दिशेने दिसते. जानेवारी २०२१ पासून आयर्लंडच्या रॉसलेअर बंदरातून थेट फ्रान्सच्या डंकर्कला जहाजे सुटू लागली, कारण ब्रिटनच्या भूमीवरून युरोपात जाण्याचा जुना जवळचा रस्ता आता दोन नाक्यांचा झाला होता. बेटावरच्या उत्तर-दक्षिण व्यापारालाही वेग आला. लंडनच्या राज्यकर्त्यांनी राष्ट्रीय ऐक्याच्या नावाने जे केले त्याने उत्तर आयर्लंडची बाजारपेठ डब्लिनच्या जवळ नेली. मला त्याचे दुःख नाही. पण ज्यांनी हे केले ते स्वतःला ब्रिटनच्या अखंडतेचे रक्षक म्हणवतात, याची नोंद असावी.

लोकांच्या संमतीचे काय? सप्टेंबर २०२० मध्ये सरकारच्याच मंत्र्याने लोकसभेत कबूल केले की, आमचे नवे विधेयक आंतरराष्ट्रीय कायदा 'मर्यादित' स्वरूपात मोडते. म्हणजे स्वतः सही केलेला करार. फेब्रुवारी २०२१ मध्ये धमक्यांमुळे बंदरांवरचे तपासनीस काही दिवस काढून घ्यावे लागले. एप्रिलमध्ये बेलफास्टच्या ब्रिटननिष्ठ कामगार वस्त्यांतली पोरे रस्त्यावर उतरली, एक बस जाळली गेली. फेब्रुवारी २०२२ मध्ये युनियनिस्ट मुख्यमंत्र्यांनी राजीनामा दिला, आणि पुढची दोन वर्षे प्रांताला मंत्रिमंडळच नव्हते. दवाखान्यांपुढच्या रांगा वाढत होत्या, शिक्षक आणि परिचारिका वेतनासाठी संप करीत होते, आणि निर्णय घ्यायला कोणी नव्हते. सॉसेजचा वाद अखेर परिचारिकेच्या पगारापर्यंत असा पोहोचतो. सर्वोच्च न्यायालयाने ८ फेब्रुवारी २०२३ रोजी निकाल दिला की करार वैध आहे. १८०० सालच्या एकीकरणाच्या कायद्याने उत्तर आयर्लंडला व्यापारात दिलेला समान दर्जा नंतरच्या कायद्याने तेवढ्यापुरता बाजूला सरला आहे. सव्वादोनशे वर्षांचे कलम, आणि कोणालाही न विचारता!

२७ फेब्रुवारी २०२३ च्या विंडसर तडजोडीने काही बोचरे टोक घासले गेले. ऑक्टोबर २०२३ पासून नोंदणीकृत व्यापाऱ्यांचा, प्रांतातच खपणारा माल 'हिरव्या' मार्गाने कमी कागदांवर जातो. युरोपात जाण्याचा धोका असलेला माल 'लाल' मार्गाने. खाद्यपदार्थांच्या वेष्टनांवर 'युरोपीय संघासाठी नाही' अशी पट्टी आली. पंतप्रधान श्री. ऋषी सुनक दुसऱ्याच दिवशी लिस्बर्नच्या एका कारखान्यात गेले आणि म्हणाले की, ब्रिटन आणि युरोप या दोन्ही बाजारपेठा खुल्या असल्याने उत्तर आयर्लंड हा जगातला सर्वांत रोमहर्षक आर्थिक विभाग आहे. कामगारांनी ते शांतपणे ऐकून घेतले असावे. हे भाग्य २०२० पर्यंत सबंध देशाचे होते, हे सांगायला तिथे अर्थशास्त्राचा प्राध्यापक लागत नव्हता. १० डिसेंबर २०२४ रोजी प्रांतिक विधानसभेने ४८ विरुद्ध ३६ मतांनी ही व्यवस्था पुढे चालू ठेवली. विरोधातल्या ३६ मध्ये सर्व युनियनिस्ट होते. ज्या प्रांतात वादग्रस्त प्रश्नावर दोन्ही समाजांची संमती घेण्याचा प्रघात शांतता-कराराने पाडला, तेथे सर्वांत वादग्रस्त प्रश्न साध्या बहुमताने सुटला. मला विचाराल तर भूसीमेवर चौकी येण्यापेक्षा हे बरे. पण वाईटातले बरे निवडण्याची वेळ त्या लोकांवर ज्यांनी आणली, त्यांना त्यातले काही भोगावे लागले नाही.

ब्रिटिश राज्यकर्त्यांना देशाच्या पोटात जकातीची रेघ ओढण्याची सवय नवी नाही, हे आपल्याइतके कोण जाणते? बंगालमध्ये मिठावरचा कर जबर होता आणि मुंबई व मद्रास इलाख्यांत कमी, म्हणून सिंधूपासून महानदीपर्यंत सुमारे २३०० मैलांची जकातरेषा आखली गेली. कित्येक ठिकाणी ती काटेरी झुडपांचे जिवंत कुंपण होती, आणि १८६९ च्या सुमारास तिच्यावर जवळजवळ १२,००० माणसे पहारा करीत. ही रेषा १ एप्रिल १८७९ रोजी उठली. कशी उठली? मुंबई आणि मद्रासमधला मिठाचा कर वाढवून दोन्ही दर जवळ आणले गेले. रेषा असताना उत्तरेतल्या गरिबाने तिची किंमत दिली, आणि ती उठवण्याची किंमत आपल्याकडच्या गरिबाच्या मिठातून गेली. त्याच सुमारास पोर्तुगालशी १८७८ चा करार होऊन गोवा ब्रिटिश हिंदुस्थानच्या जकात-संघात आला, आणि गोव्याची मिठागरे ब्रिटिश नियंत्रणाखाली गेली. १८९२ मध्ये तो संघही मोडला. संघात जाणे आणि संघातून निघणे, दोन्ही वेळा मिठागरातल्या माणसाला कोणी विचारले नाही.

आमचे साथी यावर म्हणतील की, मग युरोपीय संघाची तरफदारी करायची काय? मुळीच नाही. २०१५ साली ग्रीसच्या जनतेने मतपेटीतून दिलेला कौल या संघाने कसा चिरडला ते मी विसरलेलो नाही. २९ जानेवारी २०२१ रोजी लसींच्या निर्यातीवरून याच संघाच्या आयोगाने आयर्लंडमधील सुरक्षा-कलम वापरण्याचे जाहीर केले आणि ओरड होताच काही तासांत माघार घेतली. आपली वेळ आली की तेही किती बेफिकीर असतात ते तेव्हा दिसले. सरकारी साहाय्यावरचे त्यांचे निर्बंध समाजवाद्याला जाचक आहेत. १९७५ च्या सार्वमतात टोनी बेन आणि मजूर पक्षातल्या डाव्यांनी सामायिक बाजारपेठेला लोकशाहीच्या मुद्द्यावर विरोध केला, तो आदरणीय होता. परंतु २०१६ नंतरचे बाहेर पडणे त्यांच्या हातांनी झाले नाही. आणि ज्या निर्बंधांतून सुटायचे म्हणून डाव्यांपैकी काहींनी त्याला पाठिंबा दिला, ते सरकारी साहाय्याचे युरोपीय नियम याच कराराच्या दहाव्या कलमाने उत्तर आयर्लंडच्या व्यापारापुरते कायम राहिले.

आपल्याशीही याचा धागा जुळतो. भारत आणि ब्रिटन यांच्या व्यापार-करारावर २४ जुलै २०२५ रोजी सह्या झाल्या. आपल्याकडचा तयार कपडा लंडनला सवलतीच्या दराने जाईल असे त्यात आहे. तोच कपडा थेट बेलफास्टला गेला तर ब्रिटिश आणि युरोपीय दरांतले अंतर मोठे असल्यास आधी युरोपीय दराने जकात भरायची, आणि माल पुढे गेला नाही हे सिद्ध करून ती परत मागायची. असे करार करताना आपल्या केंद्र सरकारला संसदेची संमती घेण्याचे बंधन नाही, राज्यांची तर नाहीच. ऑगस्ट २००९ मध्ये आग्नेय आशियाई देशांशी करार झाला तेव्हा केरळच्या रबर आणि मिरी पिकवणाऱ्यांनी केवढा आक्रोश केला होता, आणि दिल्लीने तो कितीसा ऐकला, हे आपण पाहिले आहे.

मे २०२५ मध्ये मजूर पक्षाच्या सरकारने युरोपशी नवा समझोता जाहीर केला. अन्न, प्राणी आणि वनस्पती यांबाबत समान नियम पाळण्याची बोलणी त्यात ठरली. ती तडीस गेली तर लार्नच्या बंदरातल्या सॉसेजच्या आणि बटाट्यांच्या तपासण्या बव्हंशी थांबतील, आणि ब्रिटन ज्या नियमांवर आता मत देऊ शकत नाही ते नियम ब्रिटन पाळील. जकातीची विवरणपत्रे मात्र त्याने जाणार नाहीत. त्यांसाठी जकात-संघात परतावे लागेल, आणि तसे आपण करणार नाही, असे याच पक्षाने २०२४ च्या जाहीरनाम्यात लिहून दिले होते.